न दिलेला चेहरा



छायाचित्र स्पर्धेच्या प्रवेशपत्रात अगदी शेवटी एक लहानसा चौकोन असतो. त्यासमोर लिहिलेले असते : ‘छायाचित्रातील व्यक्तीची संमती मी घेतली आहे.’ त्यात खूण केल्याशिवाय प्रवेशपत्र पुढे सरकत नाही, म्हणून बहुतेक स्पर्धक खूण करून मोकळे होतात. गेल्या आषाढात या चौकोनाने आमच्या घरी तब्बल तीन आठवडे मुक्काम ठोकला. आपल्या समाजातील अनेक मुलेमुली हल्ली अशा स्पर्धांत भाग घेतात, मंडळे स्वतःही स्पर्धा भरवतात, आणि यशस्वी मुलांचे अभिनंदन आपण याच अंकात आनंदाने वाचतो. म्हणून ती हकीकत, आणि तिच्या ओघात कळलेल्या चार उपयोगी गोष्टी, या वेळच्या सदरात मांडत आहे.

माझी नात पुण्यात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सवड मिळाली की ती आमच्याकडे अकोल्यात येते. (परगावच्या वाचकांसाठी : हे अकोले प्रवरेकाठचे, अहिल्यानगर जिल्ह्यातले, विदर्भातले अकोला वेगळे. विभक्तीचा प्रत्यय लागला की दोन्ही गावे सारखीच दिसू लागतात आणि आमची पत्रे क्वचित तिकडचा प्रवास करून येतात.) आमचा तालुका छायाचित्रकारांच्या परिचयाचा आहे. १६४६ मीटर उंचीचे, राज्यातले सर्वोच्च असे कळसूबाईचे शिखर इथेच. रतनगड, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामागचा भंडारदऱ्याचा जलाशय, आणि पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर झाडे उजळून टाकणारे काजवे. हे सारे टिपायला माणसे दूरदुरून येतात. जाता जाता ती इथली माणसेही टिपतात : इरले पांघरून भात लावणाऱ्या स्त्रिया, डोक्यावर मोळी घेतलेल्या आजीबाई, चहाच्या टपरीवर टेकलेला पटकेवाला म्हातारा. डोंगर काही म्हणत नाही. माणसेही सहसा काही म्हणत नाहीत. परंतु दोघांच्या न बोलण्याचा अर्थ एकच धरावा का, हा विचार माझ्या मनात इतक्या वर्षांत आला नव्हता.

आठवडे बाजाराच्या दिवशी माझ्या पुतण्याच्या किराणा दुकानाच्या पायरीशी एक आजीबाई रानभाज्या घेऊन बसतात. भारंगी, कुरडू, असे जे डोंगरात उगवेल ते. विक्री झाली की त्याच दुकानातून मीठ, चहापूड, गूळ घेऊन संध्याकाळच्या गाडीने राजूरच्या बाजूला परततात. माझ्या थोरल्या बंधूंच्या वेळेपासूनचा हा शिरस्ता. त्या दिवशी पाऊस होता. दुकानापुढे निळी ताडपत्री बांधलेली. नातीने दुकानातूनच कॅमेरा रोखला आणि आजीबाईंच्या नकळत एक छायाचित्र काढले.

ते छायाचित्र सुंदर होते, हे आधीच नोंदवतो. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण, गालांवरच्या सुरकुत्यांचे जाळे, खांद्यावर फाटलेला पदर, आणि रस्त्याकडे लागलेली नजर. प्रकाश एका बाजूने, ताडपत्रीच्या कडेखालून आलेला. ताडपत्रीमुळे चेहऱ्यावर आलेली निळसर छटा काही केल्या जाईना, म्हणून नातीने छायाचित्र कृष्णधवल केले आणि ते अधिकच बोलके झाले. व्यक्तिचित्रणाची एक राज्यस्तरीय स्पर्धा जाहीर झाली होती. मुदतीला तीन आठवडे होते. “दादाजी, हे पाठवते,” ती म्हणाली. मीही मान डोलावली.

पाठवण्याची तयारी आम्ही दोघांनी बसून केली. संगणकावर प्रवेशिका देणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून तो भाग थोडक्यात सांगतो. पूर्वी स्पर्धेला कागदावरची प्रत मागवीत. आता बहुधा जेपेग स्वरूपातील फाइल मागवतात. तिच्या लांब बाजूचे पिक्सेल आणि फाइलचे वजन यांना मर्यादा असते. १९२० पिक्सेल ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आढळते. नेमून दिलेल्या मापापेक्षा मोठी फाइल नाकारली जाते, आणि लहान फाइल ओढूनताणून मोठी केली तर चेहऱ्यावरचे बारकावे विरघळतात. रंगांसाठी ‘एसआरजीबी’ ही पद्धत निवडावी. नाहीतर घरच्या पडद्यावर ठीक दिसणारा गव्हाळ वर्ण परीक्षकांच्या पडद्यावर फिका किंवा मातकट दिसण्याचा संभव असतो. छायाचित्रावर आपले नाव, सही, चौकट काही घालू नये. परीक्षकांना स्पर्धक कोण ते कळू नये हाच त्यामागील हेतू. मूळ फाइल जपून ठेवावी. निवड झाल्यावर ती मागण्याची प्रथा आहे, आणि चित्रात किती फेरफार केला ते तिच्यावरून ताडून पाहतात. मोबाइलवरून कुणाला छायाचित्र पाठवायचे झाल्यास ते नेहमीच्या रीतीने व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. तिथे ते आक्रसते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मात्र एवढे ध्यानात असू द्यावे, की मूळ फाइलमध्ये तारीख आणि वेळ यांबरोबर कधीकधी ठिकाणाचीही नोंद असते. घरातील लेकीसुनांची छायाचित्रे पाठवताना ती नोंद काढून टाकणे इष्ट.

व्यक्तिचित्राचे म्हणून काही संकेत आहेत, तेही नातीने मला शिकवले. डोळे स्पष्ट हवेत; बाकी चेहरा किंचित मृदू झाला तरी चालतो. बुबुळात प्रकाशाचा एक ठिपका असला की चेहरा जिवंत वाटतो. दुपारच्या उन्हापेक्षा दारातला किंवा खिडकीतला प्रकाश चांगला. फार जवळ जाऊन काढले तर नाक मोठे दिसते. थोडे मागे सरून काढावे. मोबाइलची ‘पोर्ट्रेट’ सोय मागची बाजू हिशेबाने धूसर करते आणि त्या हिशेबात कधी कानाची कड, कधी नथीचा आकडा, कधी सुटलेली बट खाऊन टाकते. पाठवण्यापूर्वी कडा मोठ्या करून तपासाव्यात.

हे सर्व झाले आणि आम्ही त्या चौकोनाशी येऊन पोहोचलो.

बँकेतील नोकरीने मला एक सवय लावली : कागदावरील शेवटची ओळ आधी वाचायची. मी ती मोठ्याने वाचली आणि विचारले, “घेतलीस का संमती?”

“दादाजी, सगळेच नुसती खूण करतात.”

“ते मी विचारले नाही.”

ती थोडी चिडली. तिचे म्हणणे असे, की विचारले की चेहरा बदलतो. माणूस सावध होतो, पदर सावरतो, आणि जे टिपायचे असते तेच निघून जाते. जगातील पुष्कळ मोठी छायाचित्रे न विचारता काढलेली आहेत. हे म्हणणे खोटे नाही, हे मला मान्य करावे लागले. पण आधी काढून मागाहून विचारता येते, हेही तिला मान्य करावे लागले. ‘मागाहून विचारले आणि नाही म्हणाली तर?’ हा प्रश्न आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. खरी अडचण तिथेच होती.

त्या रात्री मला माझ्या नोकरीची पहिली वर्षे आठवत राहिली. ऐंशीच्या दशकाचा तो काळ. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० च्या ऑक्टोबरपासून देशातील सर्व तालुक्यांत लागू झाला होता आणि आम्हा नव्या अधिकाऱ्यांच्या अंगावर दुभत्या जनावरांच्या कर्जांचे उद्दिष्ट होते. म्हैस खरेदी झाली याचा पुरावा म्हणून कर्जदाराला म्हशीशेजारी उभे करून छायाचित्र काढायचे आणि ते प्रकरणाला जोडायचे, अशी आमच्या शाखेत पद्धत होती. एका बाईंनी मला विचारले होते, “साहेब, यातला एक फोटो मला भेटेल का?” तिचे तोपर्यंतच्या आयुष्यातले ते पहिलेच छायाचित्र होते. मी म्हणालो, “हे कार्यालयीन कामासाठी आहे.” एक प्रत जास्त काढायला किती खर्च आला असता? पण मला तशी सूचना नव्हती आणि मला ते सुचलेही नाही. पुढे कित्येक वर्षांनी एका शाखेत जुने दप्तर निकाली काढण्याचे काम माझ्याकडे आले. मुदत संपलेली प्रकरणे पोत्यांत भरली जात होती. एका पोत्याच्या तोंडाशी तशीच छायाचित्रे दिसली : माणूस, म्हैस, मागे कूड. ती बाई त्यात असण्याचे कारण नव्हते, शाखाही निराळी होती. तरी मी ते पोते स्वतःच्या हाताने शिवले नाही, शिपायाला शिवायला सांगितले. नियमाप्रमाणे सारे बरोबर होते. आम्ही त्या माणसांचे चेहरे घेतले, आमचे काम झाले, आणि ते परत मात्र केले नाहीत.

आपल्याकडे श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील तिसरे व्रत अदत्तादान विरमणाचे. चोरी करू नये एवढाच त्याचा अर्थ आपण लहानपणापासून सांगतो. पण शब्द पाहिला तर तो चोरीपेक्षा रुंद आहे. अदत्त म्हणजे न दिलेले, आदान म्हणजे घेणे. दुसऱ्याने जे दिलेले नाही ते घेऊ नये. यात वस्तू हलवली की नाही, मालकाचे नुकसान झाले की नाही, हा प्रश्नच येत नाही. प्रश्न एवढाच, की त्याने दिले होते का? आजीबाईंच्या चेहऱ्यातून छायाचित्राने काही कमी झाले नाही, हे खरे. पण तो त्यांनी दिलाही नव्हता.

आणि हे आपल्याला कळत नाही असेही नाही. स्थानकात साधू-साध्वीजींसमोर आपण परवानगीवाचून कॅमेरा उचलत नाही. फ्लॅशचा झोत तर तेजस्कायाच्या विराधनेच्या विचाराने टाळतोच. पाच वर्षांच्या मुलालाही आपण दटावतो, “आधी विचार.” मग स्थानकातून बाहेर पडून शंभर पावलांवरच्या बाजारात येताच ती मर्यादा कुठे जाते? महाराजसाहेबांचा मान आपण राखतो, ग्राहकाचाही राखतो. ज्या व्यक्तीचा मान न राखल्याने आपले काहीच बिघडत नाही, तिच्याशी आपण कसे वागतो, यावर व्रताची कसोटी लागते.

मोठ्या जगातही हा प्रश्न जुना आहे. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरी यांनी टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी १९८५ च्या जूनमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आली आणि जगातील सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक ठरली. तिचे नाव शरबत गुला आहे, हे जगाला कळायला २००२ साल उजाडले. त्याआधी, १९३६ मध्ये, अमेरिकेतील मंदीच्या काळात डोरोथिया लँग यांनी एका स्थलांतरित मजूर आईचे छायाचित्र काढले. ते पाठ्यपुस्तकांत गेले, पण त्या आईचे, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन यांचे, नाव १९७८ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हते. दोन्ही छायाचित्रे महान आहेत आणि त्यांनी जगाची करुणा जागी केली, हेही खरे. अनेकांताने पाहणाऱ्याने दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. पण आपल्या स्पर्धांतील ‘वृद्ध आदिवासी स्त्री’, ‘सुरकुत्यांचे सौंदर्य’ अशी शीर्षके पाहिली की वाटते, की सुरकुत्या दिसल्या, माणूस राहून गेला. आमच्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण याच्या उलट आहे. देशी बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांची छायाचित्रे देशभर छापली गेली. नऊवारी लुगडे, कपाळावर कुंकू, पुढे बियाण्यांची मांडणी. ती पाहताना कुणी ‘एक आदिवासी स्त्री’ म्हणत नाही. राहीबाई म्हणतात. चेहऱ्याबरोबर नाव आणि कामही आले की छायाचित्राचा अर्थ पालटतो.

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा असे एक नाव इथे सांगितले पाहिजे. भारतीय छायाचित्रणातील आद्य थोर पुरुष राजा दीनदयाळ हे जैन कुटुंबातले. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्म, रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी, आणि तिथेच छायाचित्रणाचा छंद. पुढे नोकरी सोडून त्यांनी तोच व्यवसाय केला. हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला. १९०५ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कामातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हैदराबादेत १८९२ मध्ये त्यांनी पडद्यातील स्त्रियांसाठी स्वतंत्र ‘झनाना’ स्टुडिओ काढला आणि तो एका स्त्रीच्या हाती सोपवला. समोरच्या व्यक्तीला ज्या अटींवर आपला चेहरा द्यावासा वाटेल, त्या अटी आधी तयार करायच्या आणि मग कॅमेरा लावायचा, ही त्यामागील दृष्टी. त्यांच्यासमोर बसलेली माणसे आपल्याला जसे दिसायचे आहे तशी बसत. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तो दोन पक्षांचा राजीखुशीचा सौदा असे.

पुढच्या बाजारी नातीने छायाचित्राची कागदावर प्रत काढून घेतली आणि आम्ही दोघे दुकानाच्या पायरीशी गेलो. आजीबाईंनी प्रत दोन्ही हातांत धरली, लांब नेली, जवळ आणली.

“ह्यो नको, बाई,” त्या म्हणाल्या.

नातीचा चेहरा उतरला. “का, आज्जी? किती छान आलाय.”

“पदर फाटलाय ह्यात. आन् मी कुटं बघतीय, माझं मलाच ठावं न्हाई. माझ्या सुना काय म्हनतील? म्हातारीला कुनी इचारत न्हाई म्हून अशी बसलीय.” मग नातीकडे पाहून हसून म्हणाल्या, “फुडल्या बाजारी चांगलं लुगडं नेसून येते. तवा काढ.”

त्या एका वाक्यात त्यांनी ते छायाचित्र आमच्यापेक्षा अचूक वाचले होते. आम्हाला जी गूढ, विचारमग्न नजर वाटत होती, तिचा अर्थ त्यांच्या गावात ‘हिला कुणी विचारत नाही’ असा होणार होता. जे परीक्षकांना सौंदर्य वाटले असते, ते त्यांना घरच्यांची बेअब्रू वाटत होते. चेहरा त्यांचा, गाव त्यांचे, सुना त्यांच्या. निर्णय कुणाचा असावा?

तिसऱ्या बाजारी आजीबाई खरोखर हिरवे लुगडे नेसून आल्या. पावसाची उघडीप होती. नातीने त्यांना दुकानाच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसवले. तिथला प्रकाश सौम्य होता. त्या ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि थेट कॅमेऱ्यात पाहिले. हसा म्हटले तरी हसल्या नाहीत. दरम्यान माझ्या पुतण्याने हौसेने आपल्या मोबाइलवर एक छायाचित्र काढले आणि त्यांना दाखवले. त्या मोबाइलमध्ये चेहरा उजळ आणि गुळगुळीत करण्याची सोय आपोआप चालू होती. आजीबाईंनी पाहिले आणि खदखदून हसत विचारले, “ही कोन? माझी धाकली भन का?” तेवढ्यात नातीचा हात कॅमेऱ्याकडे गेला होता, पण ती थांबली. “आज्जी, हसतानाचा काढू का?” तिने विचारले. “नगं. दात न्हाईत,” उत्तर आले.

तो ‘धाकट्या बहिणी’चा प्रसंग मला पुढच्या मुद्द्याकडे नेतो. तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. त्यांतला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार : अस्सल म्हणून नक्कल देणे, चांगल्या मालात हलका माल मिसळणे. तुपात, धान्यात, सोन्यात हे पाप आहे हे आपल्या वाडवडिलांनी आपल्याला गादीवर बसवताना शिकवले. छायाचित्राला तर ‘प्रतिरूप’ असेच म्हणता येईल, आणि तिथे हा अतिचार आता बोटाच्या एका स्पर्शावर आला आहे. उजेड थोडा वाढवणे, निळी छटा काढणे, कडा छाटणे हे धान्य पाखडण्यासारखे. त्याला बहुतेक स्पर्धांत मुभा असते. सुरकुत्या पुसणे, डोळे मोठे करणे, मागे नसलेला डोंगर आणून ठेवणे ही मात्र भेसळ. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तर अस्तित्वातच नसलेला चेहरा घडवता येतो. २०२३ मध्ये ‘सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्स’मध्ये बोरिस एल्डॅगसेन या जर्मन कलावंताच्या एका कृष्णधवल चित्राला सर्जनशील विभागात पारितोषिक मिळाले. दोन स्त्रियांचे, जुन्या कौटुंबिक संग्रहातले वाटावे असे ते चित्र. ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने केलेले होते. एल्डॅगसेन यांनी ते स्वतःच जाहीर केले, पारितोषिक नाकारले, आणि अशा चित्रांनी छायाचित्रांशी स्पर्धा करू नये असे मत मांडले. आपल्या मंडळांनी स्पर्धा भरवताना ‘काय चालेल, काय चालणार नाही’ हे नियमांत स्वच्छ लिहावे. तराजूच्या मापावर शिक्का असतो, तसाच हा.

नियमांचा विषय निघालाच आहे तर बँकवाल्याची आणखी दोन टिपणे. पहिले : ‘हक्क’ या शीर्षकाखालचे कलम सावकाश वाचावे. निकाल आणि प्रदर्शन यांपुरते छायाचित्र वापरण्याची परवानगी मागणे रास्त आहे. कायमस्वरूपी, कोणत्याही कामासाठी, मोबदल्याविना वापरण्याचा हक्क मागितला असेल तर दोनदा विचार करावा. तो हक्क तुम्ही फक्त तुमचा देत नाही, समोरच्याचा चेहराही त्याबरोबर जातो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र काढणारा त्याचा कर्ता ठरतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, पैसे देणाऱ्याकडे जातो. पण त्यामुळे तो कर्ता होत नाही. लग्नातील छायाचित्रकाराने काढलेले चित्र आपल्या नावावर स्पर्धेला पाठवणे म्हणूनच गैर. दुसरे : सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. तेव्हा संमतीचा चौकोन हा केवळ शिष्टाचार मानू नये. संमती शक्यतो लेखी घ्यावी. मुले असतील तर आईवडिलांची घ्यावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना छायाचित्र कुठे जाणार, कोण पाहणार, नाव येणार की नाही, हे त्यांच्या भाषेत सांगून मगच अंगठा घ्यावा. न समजावता घेतलेल्या अंगठ्यांचा हिशेब माझ्या पिढीतील बँकवाल्यांना चांगला ठाऊक आहे.

नातीने दुसरे छायाचित्र पाठवले, रंगीत, आजीबाईंच्या नावासह. चौकोनात खूण केली. मुदतीला एक दिवस बाकी होता.

निकाल दसऱ्याच्या सुमारास लागला. छायाचित्र निवडले गेले नाही. प्रदर्शनातील यादीतही नाही. नात म्हणाली, “पहिले पाठवले असते तर बक्षीस मिळाले असते, दादाजी.” कदाचित मिळाले असते. दुसरे छायाचित्र साधे आहे, त्यात नाट्य नाही, हे मलाही दिसते. व्रत पाळले की त्याचे फळ व्याजासह लगेच पदरात पडते, असा हिशेब मी तिला शिकवू इच्छित नाही. तसा तो नसतोच. तोटा झाला, तो खर्चाच्या बाजूला मांडला. पहिली फाइल तिने माझ्यासमोर पुसून टाकली. तिला वाईट वाटत होते आणि मी ते वाटू दिले.

जमेच्या बाजूला एवढेच लिहितो. दुसऱ्या छायाचित्राची मोठी प्रत आम्ही आजीबाईंना दिली. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी टोपलीत सर्वांत वर ठेवली, आणि त्या दिवशी उरलेली भाजी दुकानातच ठेवून गेल्या, भिजेल म्हणून. ऐंशीच्या दशकातील त्या दुसऱ्या बाईचे देणे त्याने फिटत नाही. पण ते देणे आहे, हे तरी आता माझ्या खात्यावर नोंदले गेले.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी आजीबाईंना विचारले. “लिवा की,” त्या म्हणाल्या, “पर तुमच्या पुस्तकात माझं नाव नका घालू. माझ्या वळखीचं कोन हाय तिथं?” म्हणून नाव दिलेले नाही. संपादकांनी लेखासोबत छापण्यासाठी छायाचित्र मागितले होते. ते स्पर्धेसाठी आणि त्यांच्या घराच्या भिंतीसाठी दिलेले होते, अंकासाठी नव्हे. म्हणून या पानावर ते नाही.